प्रस्तावना : डोक्यातलं दळण आणि मैदान

कबड्डीत रेडरच्या हाती तीस सेकंद असतात. तेवढ्यात दम टिकवायचा, बोनस रेषा गाठायची, कोपऱ्यातल्या गड्याच्या हातांवर नजर ठेवायची. त्यामुळे डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच उरत नाही. अडचण सुरू होते ती पकड झाल्यावर. बाद झालेला रेडर बाहेर जाऊन बसतो आणि आपल्या संघानं समोरचा गडी मारल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. हे बसणं कधी अर्ध्या मिनिटाचं असतं, कधी पाच मिनिटांचं. खोखोच्या पहिल्या तुकडीत लवकर बाद झालेली मुलगीही अशीच कडेला बसते. अंगाला काम नाही, डोळ्यांसमोर खेळ चालू आहे, आणि डोकं बोलू लागतं : पाय आत टाकायची काय गरज होती? सगळे बघत होते. सर आता मला काढणार. जिल्ह्याला नाव जाणार नाही. माझं नेहमी असंच होतं. पाय आत टाकायची काय गरज होती?

खेळाच्या नियमावलीत या बसण्याबद्दल फारसं काही नसतं. ही पुस्तिका मात्र त्याच बसण्याविषयी आहे. आणि त्याच्या भावंडांविषयीही : स्पर्धेच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा न लागणं, हरून परतताना एसटीच्या खिडकीशी गप्प बसणं, निकाल लागून महिना झाला तरी तीच शर्यत डोक्यात पुन्हा पुन्हा धावत राहणं. बीड जिल्ह्यातल्या तेलगावात आणि आसपासच्या गावांत खेळणाऱ्या मुलामुलींना, त्यांच्या क्रीडाशिक्षकांना आणि घरच्यांना डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. विषयाची ओळख करून देणं आणि त्याची मर्यादाही सुरुवातीलाच सांगून टाकणं, एवढंच या प्रस्तावनेचं काम.

मराठीत आपण याला 'तेच ते दळण' म्हणतो. मानसशास्त्रात त्याला पुनरावर्ती नकारात्मक विचार असं लांबलचक नाव आहे. थॉमस एहरिंग आणि एडवर्ड वॉटकिन्स या दोन संशोधकांनी २००८ साली त्याविषयीचं विखुरलेलं संशोधन एकत्र मांडलं. तोवर काळजी हा एक विषय होता आणि झाल्या गोष्टीचा खल हा दुसरा. काळजी उद्याकडे बघते : पोलीस भरतीचं ग्राउंड निघालं नाही तर? खल कालकडे बघतो : त्या दिवशी स्टार्ट का चुकला? या दोघांनी दाखवलं, की विषय वेगळा असला तरी चाल एकच आहे. विचार पुन्हा पुन्हा येतो, न बोलावता येतो, थांबवू म्हटलं तर थांबत नाही, त्यातून निष्पन्न काही होत नाही, आणि तो चालू असेपर्यंत डोकं दुसऱ्या कामाला मोकळं होत नाही. नैराश्य असो, चिंता असो की झोपेची तक्रार असो, ही चाल सगळीकडे सापडते. त्यामुळे तिला एका आजाराचं लक्षण न मानता अनेक त्रासांना पोसणारी सवय मानावं, असं त्यांचं म्हणणं आहे.

ही सवय नुसती त्रासासोबत दिसते की त्रास वाढवते, याचं उत्तर एका योगायोगानं मिळालं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सुसान नोलन-होक्सेमा यांनी विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. उदास वाटलं की तुम्ही काय करता, त्याच विचारात बसता की दुसरं काही हाती घेता, अशा धर्तीचे प्रश्न होते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या भागात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना दहा दिवसांनी आणि मग सात आठवड्यांनी पुन्हा गाठलं. भूकंपाआधीच ज्यांना विचार घोळवत बसायची सवय होती, ते भूकंपानंतर जास्त खचलेले आढळले, आणि सात आठवड्यांनीही त्यांच्यात हा फरक दिसत होता. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्यांनी पाहिला आहे, त्या मराठवाड्यातल्या वाचकांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको. आपत्ती सगळ्यांवर सारखी कोसळते, पण ती डोक्यातून उतरायला कुणाला किती काळ लागेल हे सारखं नसतं.

खेळाडूच्या बाबतीत शरीरही या दळणाची किंमत मोजतं. नेदरलँड्समधले योस ब्रॉसखॉट आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली असं मांडलं, की ताणाचा प्रसंग संपला तरी डोक्यात तो चालू असेल, तर शरीरही तो चालूच आहे असं धरून वागतं. नाडी, रक्तदाब, ताणाचे स्राव लवकर खाली येत नाहीत. सकाळी सरावात अंग मोडायचं आणि रात्री झोपेत ते भरून काढायचं, हा धावपटूचा हिशेब आहे. रात्र दळणात गेली की तो हिशेब बिघडतो, आणि दुसऱ्या दिवशी वेळ खराब आली की दळायला नवं धान्य मिळतं.

आता तेलगाव. बीडहून वडवणीमार्गे परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगाव-धारूर रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, तिथलं हे धारूर तालुक्यातलं गाव. साखर कारखान्यामुळे ते सगळ्या परिसराला ठाऊक आहे. सुंदरनगरचा हा सहकारी कारखाना आज लोकनेते सुंदरराव सोळंके यांच्या नावानं चालतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरून जातो. आणि त्याच हंगामात बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे गेलेल्या असतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरायचा आणि दसरा-दिवाळीनंतर गाव सोडायचं. मुलं आजीआजोबांकडे राहतात, हंगामी वसतिगृहात राहतात, नाहीतर आईबापांबरोबर फडावर जातात.

शालेय क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक याच्याशेजारी ठेवून पाहा. तालुक्याच्या स्पर्धा पावसाळ्यात, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. म्हणजे चौदा, सतरा किंवा एकोणीस वर्षांखालच्या गटात एखादी मुलगी पुढे पुढे जाऊ लागते, नेमक्या त्याच सुमाराला घरातली मोठी माणसं बाहेर पडायच्या तयारीत असतात. तिच्या डोक्यातला 'पुढे काय?' हा प्रश्न नुसता शर्यतीचा नसतो. धाकट्या भावाला कोण बघणार, बुटाचे पैसे उचलीतून निघतील का, जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला कोण येणार, हे सगळं त्याच प्रश्नात असतं.

मुलगा बारावीपर्यंत पोचला, की खेळाचा अर्थ आणखी बदलतो. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि पदक नसलं तरी पोलीस भरतीचं ग्राउंड आहेच. पोलीस शिपायाच्या भरतीत शारीरिक चाचणी पन्नास गुणांची. मुलांना १६०० मीटर धावण्याचे वीस, १०० मीटरचे पंधरा, गोळाफेकीचे पंधरा. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. अशा चाचणीत दोन-चार सेकंदांनी गुण जातो, आणि एका गुणानं मेरिट हुकतं. पहाटे अंधारात उसाच्या ट्रॅक्टरला वाट देत रस्त्याच्या कडेनं धावणारी जी पोरं दिसतात, त्यातली बरीच याच हिशेबानं धावत असतात. शहरातल्या मुलाला शर्यत हरल्यावर वाईट वाटतं. इथल्या मुलाला शर्यत हरल्यावर घरच्या कर्जाची आठवण होते.

म्हणूनच इथे 'सकारात्मक विचार कर' हा सल्ला फोल ठरतो. या मुलांच्या डोक्यातले विचार बहुतेक वेळा खोटे नसतातच. निवड खरंच हुकू शकते. वय खरंच निघून जातं. घरी खरंच पैसे नसतात. खऱ्या गोष्टीला खोटं म्हणायला लावलं, तर मुलाला कळतं की समोरच्या माणसाला आपली स्थिती ठाऊक नाही, आणि तो पुढचं ऐकायचं सोडून देतो. विचार खरा की खोटा हा वाद बाजूला ठेवून एक वेगळा प्रश्न विचारता येतो : हा विचार आज किती वेळा आला, आणि तितक्या वेळा आल्यानं हाती काय लागलं? पहिल्यांदा येतो तेव्हा तो इशारा असतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा कदाचित काही शिकवून जातो. चाळिसाव्या वेळी त्याच्याकडे सांगण्यासारखं नवीन काहीही उरलेलं नसतं.

वॉटकिन्स यांच्या पुढच्या कामाचा मैदानावर थेट उपयोग आहे. अपयशावर विचार करणं वाईट नाही. तो कोणत्या प्रश्नावर स्वार होऊन येतो यावर सगळं अवलंबून असतं, असं त्यांना आढळलं. 'माझ्याच बाबतीत असं का होतं?' हा प्रश्न मोठा आणि धूसर असतो. त्याचं उत्तर माणसाच्या लायकीपाशी जाऊन थांबतं. 'हे नेमकं कसं घडलं?' हा प्रश्न लहान आणि मोजता येणारा असतो. तिसऱ्या फेरीत वेग पडला. पडला कारण पहिली फेरी ठरवल्यापेक्षा जोरात गेली. ती जोरात गेली कारण शेजारचा पळाला म्हणून मीही पळालो. इथे विचार संपतो आणि उद्याच्या सरावात करायचं एक काम हाती लागतं. दोन्ही प्रश्नांत मान मागे तेवढीच वळते, पण एकातून दळण मिळतं आणि दुसऱ्यातून पृथक्करण.

याच जिल्ह्यातलं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शेतकरी घर, शाळेपर्यंतची रोजची पायपीट, बारावीनंतर लष्करात महार रेजिमेंट, सियाचीनचं पोस्टिंग, आणि त्यानंतर ३००० मीटर स्टीपलचेस. त्याच्या पदकांची यादी सगळे सांगतात. इथे त्याच्या हुकलेल्या शर्यतींची यादी जास्त कामाची आहे. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे त्याला अडथळा झाला. भारतीय पथकाच्या तक्रारीनंतर त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यानं ८ मिनिटं १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तरी अंतिम फेरी हुकली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य. सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदांनी गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच बाहेर पडला. आणि त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबर २०२३ रोजी, हांगझूच्या आशियाई स्पर्धेत ८ मिनिटं १९.५० सेकंदांत त्यानं सुवर्ण जिंकलं. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये या प्रकाराची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. बुडापेस्ट आणि हांगझू यांच्यामधले ते सहा आठवडे म्हणजे रेडरच्या बाहेर बसण्याचंच मोठं रूप. तिथे जो काही सराव झाला असेल तो झाला, पण 'मी मोठ्या स्पर्धेत ढेपाळतो' हे वाक्य त्या आठवड्यांत मुक्कामाला राहिलं असतं, तर हांगझूच्या सुरुवातीच्या रेषेवरही ते सोबत उभं राहिलं असतं.

दुसरं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून तयार झालेला हा नेमबाज. हांगझूच्या त्याच आशियाई स्पर्धेत ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत तो आघाडीवर असताना उभ्या स्थितीत एक शॉट ७.६ वर गेला आणि तो चौथा आला. नेमबाजीत एवढ्या वरच्या पातळीवर ७.६ म्हणजे आयुष्यभर आठवणारा आकडा. साधारण दहा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसमध्ये तीच स्पर्धा, तीच उभी स्थिती, आणि कमाईला ऑलिंपिक पदक. ४५१.४ गुणांनी त्यानं कांस्य जिंकलं. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. सामन्यानंतर त्यानं जे सांगितलं त्यात कुठलाही मंत्र नव्हता : पोटात काही गेलं नव्हतं, काळा चहा घेतला होता, छाती धडधडत होती, श्वासावर ताबा ठेवला, वेगळं काही करायला गेलो नाही, गुणफलकाकडे पाहिलं नाही. याला कुणी सजगता म्हणो न म्हणो, त्यातली रचना लक्षात घेण्याजोगी आहे. धडधड थांबली नव्हती. तो ती थांबायची वाट बघत बसला नाही. ती चालू असतानाच त्यानं लक्ष पुढच्या शॉटवर नेलं.

सजगता म्हणजे तरी हेच. आत्ता, या क्षणी जे चाललं आहे त्याकडे मुद्दाम आणि बरं-वाईट न ठरवता लक्ष देणं, आणि लक्ष सुटलं हे ध्यानात आलं की ते परत आणणं. शेवटचा भाग सर्वात महत्त्वाचा. मन भटकलं म्हणजे सराव फसला, असं मुलांना वाटतं. खरं तर भटकलं हे कळणं आणि परत येणं हाच सराव आहे. एका बैठकीत मन तीस वेळा पळालं आणि तीस वेळा परत आणलं, तर तीस जोर काढले असं धरावं.

या सरावाला आजचं इस्पितळी रूप दिलं जॉन कबात-झिन यांनी. १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी त्यांनी एक कार्यक्रम सुरू केला. ऐंशीच्या दशकात त्यांनी अमेरिकेच्या ऑलिंपिक वल्हेकऱ्यांनाही हे शिकवलं. पुढे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल यांनी नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून त्यातूनच उपचार घडवला, आणि तिथे त्यांचा रोख नेमका या दळणावर होता. खेळासाठी फ्रँक गार्डनर आणि झेला मूर यांनी २००० नंतरच्या दशकात स्वतंत्र पद्धत मांडली. विचार बदलत बसू नका. विचार येऊ द्या आणि तरीही खेळाला जे हवं ते करा, असा तिचा गाभा. २०१७ साली स्वीडनमध्ये २४२ खेळाडूंच्या पाहणीत असं दिसलं, की जे जास्त सजग होते ते कमी घोळवत होते, आणि या कमी घोळवण्यातूनच त्यांचं स्पर्धेतलं सावरणं बऱ्याच अंशी उलगडत होतं.

ही सगळी नावं परदेशातली असली, तरी वाट इथलीच आहे. श्वासावर लक्ष ठेवण्याचा आनापानसतीचा अभ्यास बुद्धाच्या शिकवणीतला. सत्यनारायण गोएंका यांनी इगतपुरीच्या धम्मगिरीतून तो देशभर पोचवला, आणि राज्याच्या शाळांत 'मित्र' उपक्रमातून आनापान शिकवलं गेलं. रामदासांचं जन्मगाव जांब आजच्या जालना जिल्ह्यात आहे. त्यांचे मनाचे २०५ श्लोक मराठी घरांत पाठ असतात. त्यातले बरेच थेट मनाला उद्देशून आहेत, हे पाहण्यासारखं आहे. मनाशी बोलायचं तर मनापासून एक पाऊल बाजूला उभं राहावं लागतं. 'मी हरणारा आहे' असं म्हणणं वेगळं आणि 'माझं मन आत्ता मी हरणार असं म्हणतंय' असं म्हणणं वेगळं. आजच्या उपचारांत रुग्णाला शिकवतात ती ही दुसरी जागा. आपल्या लोकांना ती परकी वाटायचं कारण नाही.

तरीही दोन गैरसमज आधीच दूर केलेले बरे. पहिला : सजगता म्हणजे डोकं रिकामं करणं. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. लोक घंटी वाजवत राहिले. नंतर जेव्हा विचार करायची मुभा मिळाली, तेव्हा आधी दाबणाऱ्यांच्या डोक्यात अस्वल जास्तच आलं. 'वाईट विचार आणू नकोस' हे वाक्य मैदानावर असंच काम करतं. दुसरा गैरसमज : सजगता म्हणजे आपल्या प्रत्येक हालचालीवर पहारा. रिच मास्टर्स यांनी १९९२ साली गोल्फवर केलेल्या प्रयोगात, फटक्याचे नियम पाठ करून शिकलेले लोक दडपणाखाली डगमगले. नियम न सांगता सरावातून शिकलेले टिकले. अंगवळणी पडलेली हालचाल ऐन वेळी सुटी करून तपासायला गेलं की ती बिघडते. म्हणून धावताना गुडघा किती उचलला हे मोजायचं नाही. लक्ष श्वासाच्या लयीत, पुढच्या वळणावर, पुढच्या गड्यावर ठेवायचं. हालचालीची चिरफाड सरावाच्या वेळी, प्रशिक्षकासोबत.

आता पुराव्याबद्दल. खेळाडूंवरचे बरेच प्रयोग लहान गटांवर झाले आहेत आणि त्यांच्या पद्धतीही फार पक्क्या नाहीत. सजगता वाढते, चिंता थोडी कमी होते, असं पुष्कळदा दिसतं. पदकं वाढतात असं म्हणायला आधार कमी आहे. शाळांच्या बाबतीत तर एक मोठा धडा आहे. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या प्रयोगाचे निकाल २०२२ मध्ये आले. अकरा ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना सरसकट वर्गात सजगता शिकवली, आणि नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा तिचा जास्त फायदा झाला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. अनेकांना ते कंटाळवाणं वाटलं. त्यामुळे ही पुस्तिका हाती घेऊन कुणी उद्या परिपाठात सगळ्या शाळेला डोळे मिटायला लावू नये, अशी विनंती आहे. ज्याला त्रास जाणवतो, ज्याला हवं आहे, त्याला थोडं आणि नेमकं द्यावं.

पुस्तिकेतले सराव म्हणूनच लहान आणि मैदानाला चिकटलेले आहेत. तीन मिनिटांचा श्वासाचा थांबा : पहिलं मिनिट आत काय चाललं आहे ते नुसतं ओळखायचं, दुसरं फक्त श्वासासोबत, तिसऱ्यात लक्ष सगळ्या अंगाकडे आणि समोरच्या मैदानाकडे न्यायचं. बाद होऊन बसलेल्या रेडरला पूर्ण तीन मिनिटं मिळाली नाहीत तर तीन श्वासांत हेच करता येतं. वॉर्मअपची पहिली फेरी मोबाइल आणि गप्पांविना, तळपायाच्या स्पर्शाकडे लक्ष देऊन. सरावानंतर जमिनीवर पडून पायापासून डोक्यापर्यंत अंगाची विचारपूस. काळजीसाठी ठरलेली वेळ : थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली हा उपाय तपासला. दिवसभर येणाऱ्या काळजीला 'संध्याकाळी बघू' म्हणायचं, आणि संध्याकाळी ठरल्या जागी अर्धा तास तिला द्यायचा. शेवटी वही : स्पर्धेनंतर तीन ओळी, त्यातल्या दोन 'कसं' या प्रश्नाच्या आणि एक 'उद्या काय' याची. 'का मीच' या प्रश्नाला वहीत जागा नाही.

काही ठिकाणी हे सराव वापरू नयेत, आणि ते ठासून सांगायला हवं. झोप, भूक, बोलणं दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं मूल बोलू लागलं असेल, तर श्वास मोजत बसायचं नाही. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते, आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. डोळे मिटून बसल्यावर एखाद्या मुलाला जुना भयंकर प्रसंग आठवून घाबरायला झालं, तर डोळे उघडे ठेवून चालणं बरं. आणि एखाद्या मुलीला मैदानावर कुणाचा त्रास होत असेल, तर तिला 'स्वीकार' शिकवणं हा गुन्ह्याला हातभार आहे. तिथे तक्रार करायची, तिच्या बाजूनं उभं राहायचं. तसंच पोटात अन्न नसेल, स्पाइक्स फाटलेले असतील, तर त्यावरचा उपाय अन्न आणि बूट हाच आहे. सजगतेनं उपासमार सुसह्य होते असं कुणी म्हणू लागलं, तर त्याच्या हातून ही पुस्तिका काढून घ्यावी.

इतकं सांगून झाल्यावर एक गोष्ट क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना उद्देशून. मुलाच्या डोक्यातलं दळण त्यानं एकट्यानं सुरू केलेलं नसतं. त्यातली बरीच वाक्यं त्याने आधी बाहेरून ऐकलेली असतात. 'तुझ्यामुळे हरलो.' 'एवढं सोपं होतं, का नाही जमलं?' 'तुझ्यावर एवढा खर्च केला.' सामना संपल्यावरच्या पाच मिनिटांत मोठी माणसं जे विचारतात, तेच मूल पुढचे पाच आठवडे स्वतःला विचारत राहतं. म्हणून पुस्तिकेचं पहिलं प्रकरण मुलांसाठी नाही, कडेला उभ्या असलेल्यांसाठी आहे. हरल्यावर पहिली काही मिनिटं प्रश्नच विचारू नयेत, पाणी द्यावं. त्यानंतर 'का' ऐवजी 'कसं' विचारावं, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. संघासमोर चूक काढायची असेल तर ती चालीची काढावी, मुलाच्या स्वभावाची नाही.

शिक्षकाला यासाठी कुठल्या प्रशिक्षणाची, निधीची किंवा परवानगीची गरज नाही. तालुक्याच्या पुढच्या सामन्यात हे करून पाहता येईल. श्वासाचे सराव नंतर घेतले तरी चालतील. कडेचे प्रश्न बदलले नाहीत, तर ते सराव मुलाला पुन्हा त्याच दळणाकडे पाठवतील, फक्त थोडा दम घेऊन.